पुन्हा मांड जमवताना

घोड्यावरून पडलेल्या माणसाला सगळे एकच सांगतात, "लगेच परत चढ." घोड्याच्या आसपासही कधी न फिरकलेले लोक हे अगदी खात्रीने सांगतात. जितका वेळ जाईल तितकी भीती घट्ट बसेल, आत्ताच्या आत्ता चढलं की ती मुळातच रुजणार नाही, असा त्यामागचा हिशोब. मी पडले त्या दिवशी परत बसलेही. सरांनी आधी मान, खांदे, बरगड्या नीट तपासायला लावल्या. आज वार कोणता, कुठल्या घोड्यावर होतात, पडण्याआधी काय चाललं होतं, असे प्रश्न विचारले. मग घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दारकाकांनी लगाम धरला आणि मी रिंगणाला एक संथ फेरी मारून उतरले. सगळ्यांनी शाबासकी दिली. मला वाटलं, झालं, सुटले यातून.

भीती आली ती पुढच्या शिकवणीच्या दिवशी. डावा पाय रिकिबीत होता, आयाळीचा झुपका मुठीत होता आणि उजवा पाय जमीन सोडायला तयार नव्हता. डोक्यात काहीच चाललेलं नव्हतं. पडल्याचं चित्र डोळ्यांपुढे आलं, असंही नाही. फक्त पोटरी थरथरत होती आणि घशाला कोरड पडली होती. मी पाय रिकिबीतून काढला आणि म्हणाले, "सर, आज नाही जमणार." ते म्हणाले, "बरं. मग आज काय करूया?" त्यांनी हा प्रश्न विचारला, याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे. तेव्हा त्यांनी दटावलं असतं किंवा समजूत काढून वर बसवलं असतं, तर मी बहुधा पुन्हा तिकडे गेलेच नसते.

"लगेच चढ" या सल्ल्यात तथ्य आहेच. भीतीची गोष्ट टाळली की त्या क्षणी हायसं वाटतं आणि त्या हायसं वाटण्यावरच भीती पोसली जाते. पुढच्या वेळी टाळणं आणखी सोपं होतं. पण हा सल्ला ज्यांच्याकडून आला त्यांचं सगळं आयुष्य घोड्यावर गेलेलं होतं. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाचे बिल रॉयक्रॉफ्ट क्रॉस-कंट्रीच्या, म्हणजे मोकळ्या रानातल्या अडथळ्यांच्या फेरीत पडले, त्यांचं कॉलरबोन मोडलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचं न ऐकता ते इस्पितळातून उठून आले आणि उड्यांच्या फेरीत उतरले. एकही अडथळा पाडला नाही आणि संघाला सुवर्णपदक मिळालं. घोडेस्वारांमध्ये ही हकीकत अभिमानाने सांगितली जाते आणि ती आहेच तशी. पण ते माप नवशिक्याला लावू नये. डोकं आपटलं असेल, गरगरत असेल, मळमळत असेल, पडण्याच्या आधीचं किंवा नंतरचं नीट आठवत नसेल तर परत चढायचं नाही, डॉक्टरकडे जायचं. यात घासाघीस नको.

आणि डोक्याला काही झालं नसलं तरी सक्ती नको. एका लहान मुलीला पडल्यावर रडू आवरायच्या आत पुन्हा खोगिरावर बसवलेलं मी पाहिलं आहे. ती बसली, फेरीही पूर्ण केली. पण सबंध वेळ तिचे डोळे कठड्यापाशी उभ्या असलेल्या आईकडे होते, घोड्याच्या कानांमधून पुढे एकदाही गेले नाहीत. त्या फेरीत ती काय शिकली असेल, या विचाराने मला अजून त्रास होतो.

मी पडले ती दुडकीत. ताशी बारा-तेरा किलोमीटरची चाल, म्हणजे वेग काही फार नाही. रिंगणाच्या एका कोपऱ्यात कुंपणावर निळी ताडपत्री टाकलेली होती. ती वाऱ्याने एकाएकी फडफडली आणि हिरा, चार-साडेचारशे किलोचा कुमैत, म्हणजे तांबूस-तपकिरी घोडा, पापणी लवायच्या आत उजवीकडे सरकला. घोडा बुजतो म्हणजे काय होतं, ते अंगावर आल्याशिवाय कळत नाही. एका क्षणी तो आपल्याखाली असतो, दुसऱ्या क्षणी दोन हात बाजूला असतो आणि आपण मात्र आधीच्याच जागी, हवेत. मग वाळू. उठून बसले तेव्हा पहिल्यांदा दिसली ती हिराच्या पोटाशी हेलकावे खाणारी मोकळी रिकीब. दातांखाली वाळू करकरत होती. हिरा थोड्या अंतरावर थांबला होता, दोन्ही कान माझ्याकडे, नाकपुड्या फुगलेल्या. तोही घाबरला होता, हे मला फार उशिरा सुचलं.

मार फारसा लागला नाही. कंबर काळीनिळी झाली, एक बरगडी काही दिवस हसू देत नव्हती. हेल्मेट मात्र टाकून द्यावं लागलं. बाहेरून त्याला साधा ओरखडाही नव्हता, पण आतला फोमचा थर धक्का शोषून घेताना दबतो आणि दबला की पुन्हा फुगत नाही. दुसऱ्या वेळी डोकं वाचवायला तो शिल्लक नसतो आणि हे वरून दिसत नाही. आपटलेलं हेल्मेट 'चांगलंच तर दिसतंय' म्हणून वापरणारे पुष्कळ आहेत, म्हणून हे लिहिते आहे.

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्याला जवळजवळ ३५० अंशांचं दिसतं. कपाळाच्या अगदी पुढची थोडी जागा आणि शेपटामागची जागा एवढीच त्याच्या नजरेबाहेर राहते. हे डोळे शिकार होणाऱ्या प्राण्याचे आहेत. त्याच्या पूर्वजांमध्ये जे आधी पळाले आणि मग वळून पाहिलं, तेच जगले. ताडपत्रीत हिराला काय दिसलं ते मला कधीच कळणार नाही, पण त्याने केलं ते त्याच्या हिशोबाने शहाणपणाचंच होतं. हे सगळं मला पडायच्या आधीही ठाऊक होतं, वाचलेलं होतं. घोड्यावर मात्र डोक्यातलं ज्ञान पुरत नाही, ते कमरेपर्यंत पोचावं लागतं.

भ्यालेलं शरीर खोगिरावर नेमकं तेच करतं, जे करायचं नसतं. गुडघे आवळले जातात, टाचा वर येतात, खांदे पुढे झुकतात, श्वास अडकतो, हात लगाम पोटाकडे ओढतात. गुडघे आवळले की बैठक खोगिरातून उचलली जाते आणि तोल वर सरकतो. म्हणजे पडण्याच्या भीतीनेच पडणं सोपं होतं. शिवाय ओढलेला लगाम घोड्याच्या तोंडात 'थांब' म्हणत असतो आणि पोटाला लागणाऱ्या टाचा 'चल' म्हणत असतात. अंगावर बसलेली एक माशी ज्याला कळते, आणि तेवढ्याच जागेची कातडी थरथरवून जो ती उडवतो, त्याला पाठीवरच्या माणसाचं आवळलेलं अंग कळणार नाही का?

त्या दिवशी "मग काय करूया?" याला मी उत्तर दिलं, "नुसती त्याच्याजवळ उभी राहते." सरांनी मला मोतद्दारकाकांच्या हवाली केलं. तोवर माझं शिकणं असं होतं: घोडा खोगीर चढवून तयार मिळायचा, तास संपला की लगाम कुणाच्या तरी हातात द्यायचा आणि निघायचं. शिकवण्याची ही पद्धत पुष्कळ ठिकाणी असते आणि माझ्या मते ती वाईट आहे. ज्याच्या पाठीवर जीव टाकायचा त्याच्या अंगाला कधी खरारा केलेला नसतो, आणि तरी त्याच्यावर विश्वास ठेवा म्हणतात.

काकांनी पहिली गोष्ट सांगितली ती उभं कुठे राहायचं याची. "ताई, समोरून सरळ तोंडावर येऊ नका. मागून तर मुळीच नाही. खांद्याकडून या, आणि येताना बोलत या." खांद्यावर ठेवलेला हात न उचलता पाठीवरून पुठ्ठ्यापर्यंत न्यायचा, म्हणजे आपण कुठे आहोत ते त्याला सतत कळत राहतं. मागून जायची वेळ आलीच तर एक तर भरपूर लांबून जायचं, नाहीतर अगदी अंगाला चिकटून, कारण लाथेला जोर यायला अंतर लागतं. खरारा मानेपासून सुरू करायचा, गोल गोल फिरवत, म्हणजे आतली धूळ वर येते. मग केसांच्या दिशेने ब्रश. हाडं जिथे कातडीलगत आहेत, तिथे हलक्या हाताने. हिराच्या खांद्याच्या वर, आयाळ संपते तिथे एक जागा आहे. तिथे खरारा आला की त्याचा वरचा ओठ लांब व्हायचा आणि थरथरायला लागायचा. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पडल्यानंतर पहिल्यांदाच त्याच्याजवळ उभी राहून हसले.

खूर साफ करणं हे त्याहून मोठं काम. खांद्यापासून हात खाली नेत नेत पायाच्या मागच्या बाजूने घोट्यापर्यंत यायचं आणि थोडं दाबायचं. शिकलेला घोडा पाय उचलतो. खुराच्या तळाशी मधोमध मऊसर त्रिकोणी भाग असतो, त्याला धक्का न लावता दोन्ही बाजूंच्या खाचांतली माती आकड्याने टाचेकडून पुढे काढायची. मला त्या खुराचं वजन अजून आठवतं. पळून जाणं हाच ज्याचा एकमेव बचाव आहे, ते जनावर आपला एक पाय माझ्या हातात देऊन तीन पायांवर स्वस्थ उभं होतं. त्याचं माझ्यावर असं विसंबणं रोज चाललेलं होतं, मी फक्त तिथे नसायचे.

कान वाचायलाही मी तेव्हाच शिकले. दोन्ही कान ताठ पुढे, मान वर, म्हणजे लांब काहीतरी दिसलंय. एक कान मागे वळलेला, म्हणजे पाठीवरच्या माणसाकडे लक्ष आहे. दोन्ही सैल, बाजूला कललेले, खालचा ओठ लोंबता, म्हणजे स्वारी निवांत आहे. मागे चपटे दाबलेले, म्हणजे लांब राहा. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, कसताना काही घोडे पोट फुगवून धरतात, म्हणून तो टप्प्याटप्प्याने कसायचा आणि थोडं चालवल्यावर पुन्हा तपासायचा, हेही काकांनीच दाखवलं. या एकेका गोष्टीने माझ्या भीतीचा एकेक तुकडा कमी होत होता. पाठीवर बसल्यावर काय होईल हे मोठं, आकार नसलेलं भय होतं. कान, तंग, खूर, वारा कुठून येतोय, यांना आकार होता आणि त्यांचं काहीतरी करता येत होतं.

एक दिवस काकांनी माझी बोटं हिराच्या जबड्याच्या खालच्या कडेला आतून टेकवली. तिथे एक शीर हाडावरून जाते. आधी काहीच लागेना, मग लागली. निवांत उभ्या घोड्याचं हृदय मिनिटाला साधारण २८ ते ४४ ठोके देतं. माणसाच्या हिशोबाने ते इतकं संथ की दोन ठोक्यांमध्ये आता पुढचा येतो की नाही, असं वाटतं. दुसऱ्या हाताने मी माझी नाडी पाहिली, ती कितीतरी पटीने धावत होती. काका म्हणाले, "लांब श्वास सोडा. घ्यायचा नाही, सोडायचा." मी सोडला. पुन्हा सोडला. हिराने मान खाली घातली आणि जोरात फुरफुरला. तो योगायोग असेलही.

पण सगळाच योगायोग नसतो. स्वीडनमध्ये २७ घोड्यांबरोबर केलेला एक प्रयोग २००९ साली प्रसिद्ध झाला. माणसांनी घोडा एका जागेपासून दुसऱ्या जागेपर्यंत न्यायचा होता, काहींनी लगाम धरून चालत, काहींनी वर बसून. अशा चार फेऱ्या. चौथ्या फेरीआधी त्यांना सांगितलं, या वेळी घोडा जवळून जाताना एक छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. तरीही माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले, आणि छत्रीबद्दल काहीच न कळलेल्या घोड्यांचेही वाढले. हे वाचलं तेव्हा मला आधी अपराधी वाटलं, म्हणजे माझी भीती मी त्या मुक्या जनावराच्या गळ्यात घालते की काय. मग त्याच गोष्टीची दुसरी बाजू दिसली: माझा श्वास जर त्याच्यापर्यंत पोचतो, तर तो शांत झाला तरीही पोचणारच.

घोड्यावर परत बसले ती हिरावर नव्हे. सरांनी चांदणी दिली. वयस्कर, ठेंगणी, पांढुरकी घोडी, आपल्या चालीत कशासाठीही बदल न करणारी. आणि तीही लंजवर, म्हणजे लांब दोर सरांच्या हातात आणि घोडी त्यांच्याभोवती गोल फिरतेय. लगामाला गाठ मारून तो मानेवर सोडलेला, रिकिबी काढून खोगिरावर आडव्या टाकलेल्या. मला ते आधी बोचलं. दुडकीतून पुन्हा साध्या चालीवर, हिरावरून चांदणीवर, आणि वर दोराला बांधलेली. सर म्हणाले, "हे मागे जाणं नाही, ही पायाभरणी आहे, आपण तेव्हा घाईत उरकली होती." व्हिएन्नाची स्पॅनिश रायडिंग स्कूल सोळाव्या शतकापासून चालत आलेली संस्था आहे, तिथे पुढे जगातले उत्तम स्वार होणाऱ्यांनाही सुरुवातीचा बराच काळ असंच, लगाम-रिकिबीशिवाय लंजवर काढावा लागतो. सरांनी हे सांगितलं तेव्हा मनातली बोच कमी झाली, हे कबूल केलं पाहिजे.

चांदणीवर डोळे मिटून बसायचं. घोड्याची साधी चाल चार ठोक्यांची असते: मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा. मागचा डावा पाय हवेत उचलून पुढे येतो तेव्हा घोड्याची डावी बाजू किंचित खाली जाते आणि तिच्याबरोबर आपली डावी बैठकही. डोळे मिटून मी मोठ्याने म्हणायचं, "डावा... उजवा... डावा," आणि सरांनी पाहून सांगायचं बरोबर की चूक. पहिल्यांदा नुसता अंदाज. मग हळूहळू कमरेला कळायला लागलं. ज्या क्षणी ते कळायला लागलं त्या क्षणी भीतीला जागा उरली नाही, कारण सगळं लक्ष खाली, त्या मागच्या पायांत गेलेलं होतं. नंतर हात बाजूला पसरून, घोटे गोल फिरवत, मागे वळून शेपटाला हात लावत. पाय लांब सुटले, गुडघे उघडले, आणि रिकिबीवर उभं राहून जो तोल मी सांभाळत होते तो खरं तर बैठकीत असतो, हे उमगलं. ग्रीक आणि रोमन स्वारांकडे तर रिकीब नव्हतीच. जोडीने लटकणाऱ्या रिकिबी चीनमध्ये चौथ्या शतकात दिसतात. त्याआधी माणसं नुसत्या मांडीच्या आणि कमरेच्या बळावर लढाया लढत होती.

दुडकीला पुन्हा सुरुवात झाली तेव्हा श्वास परत अडकायला लागला. सर म्हणाले, "काहीतरी बोला. बोलणारा माणूस श्वास रोखू शकत नाही." मला काही सुचेना म्हणून मी पाढे म्हटले. दुडकी ही दोन ठोक्यांची चाल, समोरासमोरचे तिरपे पाय जोडीने पडतात. बे एके बे, बे दुणे चार त्यात असं चपखल बसलं की अंग आपोआप त्या ठेक्यावर वर-खाली होऊ लागलं. तेव्हापासून कोपरा अवघड वाटला की मी पाढे म्हणते, अगदी मोठ्याने. आजूबाजूच्यांना आता सवय झाली आहे.

याच काळात सरांनी आणखी एक गोष्ट शिकवली, जी माझ्या मते सगळ्यांना पहिल्या दिवसांतच शिकवावी: ठरवून उतरणं. घोडा उभा असताना दोन्ही पाय रिकिबीतून काढायचे, पुढे झुकून मानेच्या बुडाशी हात टेकायचे, पाय मागून फिरवून घोड्यापासून दूर, गुडघे वाकवून जमिनीवर यायचं. आधी उभ्या घोड्यावरून, मग चालत्या. तोल गेलाच तर हात ताठ पुढे करायचा नाही, मनगट आणि कॉलरबोन तिथेच मोडतात. अंगाचा गोळा करायचा आणि घोड्यापासून दूर लोळायचं. उतरायचा रस्ता माहीत झाल्यावर वर बसणं वेगळंच वाटायला लागलं. जमीन पाच फूट खाली असलेली शत्रू राहिली नाही, तिच्यावर यायचं कसं ते मला ठाऊक होतं.

मग हिरा, आणि तो कोपरा. सरांनी मला वर बसवलं नाही. ताडपत्री काढून वाळूवर पसरली आणि मला हिराचा लगाम धरून तिच्याकडे चालायला सांगितलं. सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी झेनोफन नावाच्या ग्रीक सेनानीने घोडेस्वारीवर लिहून ठेवलं आहे, त्यात हाच सल्ला आहे. घोड्याला एखाद्या वस्तूचा संशय आला तर ती वस्तू आधी आपण हाताने स्पर्शून दाखवावी आणि त्याला सौम्यपणे जवळ न्यावं. मारून नेलं तर वेदना त्या वस्तूमुळेच होते असं त्याला वाटून भीती वाढते. मी ताडपत्रीवर उभी राहिले. हिरा लांबूनच थबकला, मान लांब केली, जोरात श्वास आत ओढला. मी लगाम ओढला नाही, नुसती उभी राहिले. बऱ्याच वेळाने त्याने नाक लावलं, ओठांनी कडा चाचपली आणि एक खूर वर ठेवला. आवाज झाला तसा झटकन मागे घेतला. पुन्हा ठेवला. ताडपत्री उलटी टाकली की त्याला ती नवीनच वाटायची आणि सगळं पहिल्यापासून. ओळखीची वस्तू नुसती फिरवून ठेवली तरी घोडे तिला नव्यासारखे बुजतात, हे प्रयोगांतही दिसलेलं आहे. म्हणून आम्ही ती सगळ्या बाजूंनी टाकून पाहिली. त्या दुपारी धीर कुणाला येत होता, त्याला की मला, हे सांगता येणार नाही. त्याला 'काही नाही रे, काही नाही' म्हणताना ते माझ्याच कानावर पडत होतं.

त्यानंतर सगळं सरळ झालं, असं नाही. आजारपणामुळे मध्ये खंड पडला आणि परत गेले तर पोटरी पुन्हा थरथरली. नव्या रिंगणात नेलं तेव्हाही. मी खचले. मग कळलं की भीतीचा स्वभावच असा आहे. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्हनेच कुत्र्यांवरच्या प्रयोगांत पाहिलं होतं की विझलेली सवय मध्ये वेळ गेला की आपोआप पुन्हा उगवते. जुनं पुसलं जात नाही, त्याच्या शेजारी नवं शिकलेलं उभं राहतं, आणि दर वेळी त्या दोघांत कोण वर येतं ते ठरतं. हे समजल्यावर मी स्वतःला विचारायचं सोडून दिलं की भीती गेली का. खंड पडला की मी आता न सांगता लंजपासून सुरुवात करते, नवीन जागी आधी घोडा हातात धरून चालते. सरांना आल्या आल्या सांगते, आज किती घाबरलेय ते. भीती लपवणं हे शौर्य समजलं जातं, पण शिकवणाऱ्याला ती कळली नाही तर तो धडा कशावर उभारणार?

मोठ्या स्वारांच्या गोष्टी मी याच काळात वाचल्या. ब्रिटनचे निक स्केल्टन २००० साली पडून मान मोडल्यावर निवृत्त झाले, पुन्हा परतले आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये वयाच्या ५८ व्या वर्षी उड्यांचं वैयक्तिक सुवर्णपदक जिंकलं. गोष्ट थरारक आहे, पण माझ्या जवळ राहिली ती डेन्मार्कच्या लिस हार्टेलची. १९४४ मध्ये पोलिओने तिचे गुडघ्याखालचे पाय निकामी झाले. घोड्यावर चढवायला-उतरवायला माणसं लागायची. ड्रेसाजमध्ये, म्हणजे ठरलेल्या चाली नेमकेपणाने करून दाखवण्याच्या स्पर्धेत, स्त्रियांना पुरुषांबरोबर उतरायची परवानगी ज्या ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा मिळाली त्या १९५२ च्या हेलसिंकीत तिने रौप्यपदक मिळवलं, आणि १९५६ मध्ये पुन्हा. पोटऱ्यांनी जे सांगायचं ते ती पाठीने आणि वजनाने सांगत असे. म्हणजे तिने आधीचं स्वारीचं कौशल्य परत मिळवलं नाही, ते शरीर आता नव्हतंच. तिने आणि तिच्या घोडीने मिळून दुसरी भाषा तयार केली. चांदणीच्या पाठीवर डोळे मिटून "डावा... उजवा" म्हणताना मला तिची आठवण यायची.

पडण्याआधी मला जो विश्वास वाटायचा तो अजून आलेला नाही आणि मी त्याची वाटही पाहत नाही. तो कधी न पडलेल्या माणसाचा विश्वास होता, त्यात हिरा कुठेच नव्हता. आता मी चढण्याआधी तंग स्वतः तपासते, वारा पाहते, हिराच्या कानांकडे माझं सतत लक्ष असतं. तो ज्या दिवशी उगाच मान वर करून असतो, त्या दिवशी आम्ही फक्त चालतो. कोपऱ्याआधी तो किंचित ताठ होतो ते मला मांडीला कळतं, आणि बुजण्याआधीच्या त्या अर्ध्या क्षणात मी श्वास सोडून आतला पाय लावू शकते. तो पुन्हा बुजला आहे, मी पुन्हा हललेही आहे. मांड सुटली नाही.

मध्यंतरी सरांनी उड्यांच्या वर्गाबद्दल विचारलं. मी नको म्हणाले. भीतीपोटी का, असं त्यांनी विचारलं नाही, पण मी स्वतःला विचारलं होतं. भीती आहेच थोडी, पण मुख्य म्हणजे मला उड्या मारायची इच्छा नाही. मला मोकळ्या माळावर, चढ-उतारावर, कुंपण नसलेल्या जागी हिराबरोबर जायचं आहे. त्यासाठी कॅन्टर, म्हणजे दुडकीच्या वरची वेगवान चाल, पक्की व्हायला हवी, आणि कॅन्टरमधून लगाम न ओढता, नुसतं कमरेचं हलणं थांबवून त्याला दुडकीवर आणता यायला हवं. सध्या आमचं तेच चाललं आहे. डाव्या हाताच्या गोलात तो लगेच ऐकतो. उजव्या गोलात माझा खांदा अजून पुढे जातो आणि तो गोंधळतो, तर सर म्हणाले, पुढच्या वेळी पुन्हा थोडं लंजवर घेऊन पाहू.